काठी कुणाच्या नावावर

युकुनी, ४ नोव्हेंबर १९९८

रुफिनो,

मृतांचे दिवस परवा संपले. आई यंदाही येऊन गेली असणार, कारण तिच्यासाठी ठेवलेली भोपळ्याची गोड फोड सकाळी अर्धीच उरली होती. तिबुर्सिओचं मांजर आलं होतं, असं शेजारीण म्हणते. म्हणू दे. झेंडू यंदा एवढा आला की थडग्यापासून घराच्या दारापर्यंत पाकळ्यांची वाट घालूनही टोपल्या उरल्या. मग वरच्या मजल्याच्या जिन्यावरही घातल्या. तुझ्या त्या मजल्यावर कुणी राहत नाही, हे मेलेल्या माणसांना काय माहीत! एखादा चढायचा चुकून.

आईच्या थडग्याच्या उजव्या हाताची जागा अजून मोकळी आहे. 'ती माझी,' असं तू म्हणून गेलायस. दरवर्षी मी तिथलं गवत काढते आणि कुणाला पाय ठेवू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. रविवारी गावसभा झाली आणि येत्या वर्षी गावाची बिनपगारी सेवा कुणाकुणी करायची ते ठरलं. तुझं नाव पुकारलं गेलं. सभेतल्या जाणत्या डॉन सेनोबिओंनी पुकारलं, कुणी हरकत घेतली नाही. तू उत्तरेला गेल्यापासून एकदाही तुझ्या वाट्याला सेवा आली नव्हती. लोक बोलायला लागले होते. एक जानेवारीला हजर व्हायचं असतं, ते तुला माहीतच आहे.

हे फोनवर बोलले नाही. चोलेबाईच्या दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून ओरडायचं. ओदिलियाला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी ताई,
फेलिसितास

*

मादेरा, कॅलिफोर्निया
२१ नोव्हेंबर १९९८

ताई,

तुझं पत्र ओदिलियाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झालं, आता हा आठवडाभर जमिनीवर यायचा नाही."

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. चर्चची घंटा, शाळेचं छप्पर, पोरांचं बास्केटबॉलचं मैदान, गावाने हात पुढे केला तेव्हा मी कधी मागे घेतला नाही. कधीतरी गाव मला उत्सवाचा मानकरी करणार, असं मनात होतं. वडिलांना तो मान मिळाला नाही. त्यांच्या मुलाला मिळतोय, ही देवाची दया. तीन मेला पवित्र क्रुसाचा उत्सव. मी एप्रिलच्या शेवटी येईन, पंधरा दिवस राहीन. शेजारच्या गावच्या बँडवाल्यांना इथे माझ्याबरोबर कामाला असलेल्या आपल्या चानोच्या भावाकरवी निरोप धाडलाय. गावजेवणाला बैल दोन लागतील की तीन, ते तू ठरव. काळा कोट शिवायला टाकलाय. एक जानेवारीला मला येता येणार नाही. माझ्या वतीने मोठी मेणबत्ती लाव आणि सभेची माफी माग.

येता येणार नाही, त्याचं कारण त्याहून मोठं आहे. माझे मालक, म्हातारे वार्तान, मळा विकताहेत. ज्या मळ्यात मी पहिल्या वर्षी गुडघ्यांवर चालत द्राक्षं तोडली आणि नंतर मुकादम झालो, तोच. त्यांच्या मुलाला तो घरं बांधणाऱ्याला द्यायचाय. म्हातारे म्हणाले, "रुफिनो, वेली उपटलेल्या मला बघवणार नाहीत. तू घे. बेदाणा विकून दरवर्षी थोडं थोडं फेड. पण या हिवाळ्याची छाटणी तुझी पाहिजे. मी फार थांबू शकत नाही आणि पोरगा तर मुळीच थांबायचा नाही."

ताई, या देशात आल्यापासून मी एकच गोष्ट मागत आलो. श्रीमंती नाही. कुणी माझ्याकडे बघून, 'हा कुणाचा गडी?' असं विचारू नये, एवढंच. आता विचारणार नाहीत. पहाटे वेलींच्या रांगेत उभा राहिलो आणि क्रुसाची खूण केली. दुसरं काही सुचलं नाही.

तुझा,
रुफिनो

*

युकुनी, ९ डिसेंबर १९९८

रुफिनो,

कोट शिवायचा थांबव.

मानकरी म्हणून नाही पुकारलं तुला. तोपिल म्हणून, काठीवाला गावशिपाई म्हणून पुकारलंय. पहिल्या पत्रात लिहवेना. मला वाटलं तू विचारशील, 'कसली सेवा?' तू विचारलंस बैल किती ते.

सभेत काय झालं ते सगळं सांगते. नाहीतर दुसऱ्याकडून ऐकशील आणि त्यात मीठ जास्त असेल. मी नेहमीप्रमाणे भिंतीपाशी बसून ताडाच्या पातीची टोपी विणत होते. डॉन सेनोबिओ म्हणाले, "रुफिनो सान्तियागो, मुक्काम उत्तरेला." मी विणायची थांबले. कुणीतरी म्हणालं, "याला मानकरी करा, याचे खिसे भरलेत." डॉन सेनोबिओ म्हणाले, "खिसे भरलेत म्हणून मानकरी? मी तोपिल होतो, मग रखवालदार, मग सरपंचाचा मदतनीस, मग मानकरी. केस पांढरे झाले तेव्हा इथे बसलो. हा पहिली पायरी न चढता माडीवर जाणार? शिडी लावून?" सगळे हसले. तुझ्या घराच्या माडीवरून हसले, तेही कळलं मला.

मी उठून म्हणाले, "त्याने घंटा दिली."

ते म्हणाले, "दिली. देव त्याचं भलं करो. पण घंटा देणं वेगळं आणि ती वाजवायला पहाटे उठणं वेगळं."

आता बोल. मी खाली बसले आणि टोपी पुन्हा हातात घेतली.

पूर्वी पैसे देऊन बदली माणूस ठेवता यायचा. ते आता बंद केलंय, कारण बदली राहायला गावात माणूसच उरला नाही. काही कुटुंबांत नुसते म्हातारे, आणि काही घरांत नुसतं कुलूप. वर्षभर स्वतः यावं लागेल. आला नाहीस तर नियम तुला माहीत आहे. नाव कापतात. जमीन गावाची असते, ती गावाकडे परत जाते. आणि स्मशानात जागा मिळत नाही.

म्हणून म्हणते, नीट विचार कर.

ताई

*

मादेरा, २३ डिसेंबर १९९८

ताई,

नीट विचार केला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर काठी घेऊन उभं राहायचं? चौक झाडायचा, दारुड्यांना कोठडीत कोंडायचं, सरपंचाचे निरोप पोचवायला डोंगर चढायचे-उतरायचे? इथे माझ्या हाताखाली साठ माणसं राबतात. साठ! त्यातली बारा युकुनीची आहेत, आणि तीच परत गेल्यावर सभेत बसून माझ्यावर हसतात.

इथे कुणी विचारत नाही की तुझा बाप कोण होता आणि तू कुठल्या पायरीवरून सुरुवात केलीस. काम येतं का, एवढंच विचारतात. आलो तेव्हा माझ्याकडे बूटही नव्हते. या देशात मी खालच्या पायरीवरूनच चढलो, ताई. चढलो नाही असं कसं म्हणता? ती पायरी युकुनीची नव्हती म्हणून मोजायची नाही?

वार्तानना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील सोडून दे त्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांना. त्यांनी छाटणीची कात्री पुसून ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बापाला परत जायला गावच उरलं नव्हतं. आमच्या जुन्या देशात ते जाळलं होतं. त्यामुळे त्याला निवड करावी लागली नाही. तुझं गाव शाबूत आहे. तुझं अवघड आहे."

मी येणार नाही. मळा हातचा घालवणार नाही. सभेला सांग, कापायचं तर कापा. माझं नाव इथे लिहिलं जाणार आहे.

नाताळच्या शुभेच्छा.

रुफिनो

*

मादेरा, ७ मार्च १९९९

ताई,

जानेवारीत एक पत्र टाकलं, फेब्रुवारीत एक. तुझं उत्तर नाही. चोलेबाईच्या फोनवर निरोप ठेवला तर ती म्हणते, "फेलिसितास कामावर आहे." तुला कसलं काम?

काल चानो गावाहून परतला. बसस्टँडवरच गाठलं त्याला. आधी, "सगळं ठीक आहे" म्हणाला. मग, "एक सांगू का" म्हणाला. मग सांगत सुटला. जानेवारीच्या सभेत माझं नाव कापलं. त्याच आठवड्यात घराचा नळ तोडला. तू झऱ्यावरून घागरी आणतेस. आणि फेब्रुवारीपासून तुझ्या हातात तोपिलची काठी आहे म्हणे. मी त्याला म्हणालो, "प्यालास का?" तो म्हणाला, "मी रात्री जरा घेतली होती खरी, आणि म्हणून तर मला माहीत. तुझ्या बहिणीने मला कोठडीत टाकलं. सकाळी काळी कॉफी पाजली आणि आईची आठवण करून दिली. पुन्हा नाही पिणार बाबा त्या गावात."

हे खरं आहे का? तू चोपन्न वर्षांची आहेस. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये बसून प्रार्थना करतेस. रागाच्या भरात मी जे लिहिलं, त्याचा भार तुझ्यावर पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू त्या घरात राहतेस, हेही मी विसरलो होतो. आपण पाठवतो त्या पैशांचं घर होतं आणि त्यात कोण राहतं ते माणूस विसरतं.

काय झालं ते सगळं लिही.

रुफिनो

*

युकुनी, २९ मार्च १९९९

रुफिनो,

खरं आहे. चानोचंही खरं आहे. फक्त, "जरा घेतली होती" हे खोटं.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला वेळ नव्हता आणि काय लिहावं तेही कळत नव्हतं. नळ तोडला तेव्हा मी भांडले नाही. नियम सगळ्यांना सारखा. झऱ्याची वाट लहानपणी पाठ होती, अजून आहे. पण पुढच्या सभेत घराचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. डॉन सेनोबिओ म्हणाले, "जागा गावाकडे घेऊ. फेलिसितासला राहू देऊ, ती म्हातारी होईपर्यंत."

मी म्हणाले, "म्हातारी कधी व्हायचं तेही सभेत ठरतं का?"

मग उठले. हातातली टोपी खाली ठेवली. म्हणाले, "तोपिलची जागा रिकामी आहे. बाकीची तीन पोरं रात्रीची झोपतात आणि दिवसा जांभया देतात. मी करते सेवा."

 मग सगळे एकदम बोलले. "बाईच्या हातात काठी?" "आजवर कुणी ऐकलंय?" तिबुर्सिओ सगळ्यांत मोठ्याने. म्हणाला, "आणि रात्री दारू पिऊन पडलेल्यांना कोण उचलणार? तू?"

मी म्हणाले, "तिबुर्सिओ, गेली दहा वर्षं तुला रस्त्यातून उचलून घरी कोण नेतं? तुझी बायको डोक्याकडून आणि मी पायांकडून. आता कोठडीत नेऊ. ती जवळ पडते."

त्याची बायको दारात उभी होती. ती पहिली हसली. मग हसू आवरेना कुणाला. डॉन सेनोबिओही हसले आणि एकदा हसल्यावर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. तरी वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी म्हणाले, "काठी उचलून दाखव." मी उचलली. जड नाही रे. पुरुष उगाच दोन हातांनी धरतात.

नळ पुन्हा जोडलाय. घर आहे. माझे गुडघे दुखतात, पण आता चालून दुखतात, आधी बसून दुखायचे. पहाटेची घंटा मी वाजवते. तू दिलेलीच.

तू मळ्याचं बघ. माझी काळजी करू नकोस.

ताई

*

मादेरा, २५ एप्रिल १९९९

ताई,

तुझं पत्र वाचताना आधी हसलो आणि मग मळ्यात जाऊन एकटाच बसलो. माझ्या बदली तू उभी राहिलीस. माझी जागा, आईच्या शेजारची, तू राखलीस. मी सभेला, "कापायचं तर कापा" म्हणालो आणि तू माझं कापलेलं नाव पुन्हा शिवलंस. हे मी कसं फेडू?

मळा आपला झाला. गेल्या महिन्यात सह्या झाल्या. वार्तानांनी माझा हात धरून रांगेच्या टोकापर्यंत नेलं आणि म्हणाले, "हा शेवटचा खांब वाकडा आहे. माझ्या बापाने वाकडाच रोवला. सरळ करू नकोस, वेलीला सवय झालीय." पहिली छाटणी मी आणि ओदिलियाने मिळून केली. काड्या तारांना बांधल्या. आता कोंब हातभर झालेत. कामगार मला 'पात्रोन', मालक, म्हणाले तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

ऐक. हे वर्ष संपलं की तू इकडे ये. कायमची. लेकीची, येसेनियाची, खोली मोकळी आहे, ती शिकायला शहरात गेली. इथे नळाला गरम पाणी येतं आणि कुणी तोडत नाही. घागर नाही, डोंगर नाही, तिबुर्सिओ नाही. तू आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलीस. नवरा आजारी होता तेव्हा त्याच्यासाठी, मग आईसाठी, आता माझ्यासाठी. पुरे झालं. या देशात सगळ्यांना जागा आहे असं म्हणतात. सगळ्यांचं माहीत नाही, तुझ्यासाठी नक्की आहे.

डिसेंबरात मी स्वतः येतो. सभेपुढे उभा राहून आभार मानतो आणि तुला घेऊन येतो.

तुझा ऋणी,
रुफिनो

*

युकुनी, १६ मे १९९९

रुफिनो,

उत्सव पार पडला. पाऊस आला नाही, भांडण एकच झालं आणि ते मी मिटवलं.

तुझं पत्र गेल्या आठवड्यातच आलं होतं. उशिरा लिहितेय, कारण तुला जे सांगायचंय ते सांगायचं धाडस होत नव्हतं. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं. एक गोष्ट लिहिली नव्हती.

मी काठी उचलली, तेव्हा सचिवाने विचारलं, "सेवा कुणाच्या नावावर? रुफिनोच्या की तुझ्या?"  डॉन सेनोबिओ म्हणाले, "पैशाने घेतलेला बदली चालत नाही, पण रक्ताचं माणूस भावासाठी करू शकतं. तसं म्हणालीस तर त्याचं नाव परत येईल. पण मग सेवा त्याची, तुझी नाही. दोघांची एक सेवा होत नाही."

मी माझं नाव सांगितलं.

तोंडातून निसटलं, असं तुला लिहिणार होते. तीन वेळा तसं लिहून फाडलं. निसटलं नाही. विचार करून सांगितलं. तुझा चेहरा डोळ्यांपुढे होता, आईचं थडगंही होतं, तरी सांगितलं.

का, ते मला नीट सांगता येत नाही. प्रयत्न करते. चोपन्न वर्षं मी या गावात राहिले. आधी वडिलांची मुलगी, मग निकान्द्रोची बायको, मग त्याची विधवा, मग 'उत्तरेकडच्या रुफिनोची बहीण'. घर तुझं, घंटा तुझी, माझ्या अंगावरची शालही तू पाठवलेली. त्या दिवशी सचिवाने विचारलं आणि मी म्हणाले, "फेलिसितास सान्तियागो." एवढ्या मोठ्याने मी माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. कुठलं तरी दुसरंच बाईमाणूस बोलतंय असं वाटलं.

तू लिहिलं होतंस की तुला एकच हवं होतं. 'हा कुणाचा गडी?' असं कुणी विचारू नये. रुफिनो, त्यासाठी तू वाळवंट चालून गेलास. मला ते हवंय, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा ते समोरच होतं. चार पावलांवर. मग मी चार पावलं चालले. तू इतकी चाललास आणि मी चार चालू नये?

तुझं नाव कापलेलंच आहे. ते मी शिवलं नाही. घर आता माझ्या सेवेवर उभं आहे. आईशेजारच्या जागेबद्दल मी काही बोलू शकत नाही. अजून कुणी मागितलेली नाही.

तिकडे येणार नाही. पुढच्या वर्षी विश्रांती, मग रखवालदाराची पायरी येते. डॉन सेनोबिओ म्हणतात, "तेवढं जगलीस तर." मी म्हणाले, "तुम्ही जगा, म्हणजे बघायला मिळेल."

रागावशील. रागाव. पण पत्र लिही.

ताई

*

मादेरा, १२ सप्टेंबर १९९९

ताई,

चार महिने लिहिलं नाही. रागावलो होतो. आधी तुझ्यावर, मग सेनोबिओवर, मग स्वतःवर. तेवढ्यात द्राक्षं पिकली आणि रागाला वेळ उरला नाही. आता सगळ्या रांगांमधून कागदांवर द्राक्षं वाळत पडलीत. रोज आभाळाकडे बघतो. पाऊस आला तर वर्ष गेलं. मुकादम होतो तेव्हाही आभाळाकडे बघायचो, पण तेव्हा ते मालकाचं आभाळ होतं. आता माझं आहे, आणि माझं झाल्यापासून झोप उडाली. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

ओदिलिया जूनमध्येच म्हणाली होती, "तिने तुझं काही घेतलं नाही. तू टाकलंस ते तिने उचललं." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिला बरंच वाटलं असावं.

मी लिहिलं होतं की इथे बाप कोण ते विचारत नाहीत, चढायला मिळतं. ते खरं आहे. पण या मळ्यात माझ्याबरोबर गुडघ्यांवर चालणारे कितीतरी होते. ते अजून दुसऱ्यांच्या मळ्यांत चालताहेत. त्यांनी माझ्याहून कमी कष्ट केले नाहीत. एका म्हाताऱ्याला त्याच्या वेलींची दया आली, म्हणून मी चढलो. प्रार्थनेला बसतो तेव्हा ते लोक समोर येतात. देवाने मला दिलं म्हणू, तर त्यांना का नाही दिलं म्हणायचं?  मग दुसरी प्रार्थना म्हणतो.

गेल्या रविवारी येसेनिया घरी आली होती. तिला सगळं सांगितलं, नाव कापल्याचं, जागेचं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मेल्यावर तुम्ही तिकडे गेलात, तर मी कुठे येऊ तुमच्याकडे? मला गावची भाषाही धड येत नाही. वर्षातून एकदा विमानाने झेंडू घेऊन यायचं?" मी म्हणालो, "झेंडू तिथे मिळतो." ती म्हणाली, "विषय बदलू नका."

काल मी आणि ओदिलिया इथल्या दफनभूमीत जाऊन आलो. गावाच्या पूर्वेला आहे, कालव्याच्या पलीकडे. एका बाजूला वार्तानांच्या आई-वडिलांचे दगड आहेत, त्यांच्या लिपीतले. आम्ही त्यांच्या मागच्या रांगेत दोन जागा ठरवल्या. ओदिलियाला झाडाखाली हवी होती, मी म्हणालो मुळं त्रास देतात. ती म्हणाली, "तेव्हा काय त्रास व्हायचाय?" झाडाखालची घेतली. इथली माती मऊ आहे, ताई. युकुनीसारखी पहार लागत नाही. खणणाऱ्याला सोपं जाईल.

परत येताना गाडीत मला रडू आलं. दुःखाने नाही. कशाने, ते माहीत नाही. या देशात मी जे मागितलं ते सगळं मिळालं, शेवटच्या सहा फुटांसकट. ते मिळताना आतून काहीतरी सुटलं, आणि सुटलं म्हणून हात मोकळे झाले.

आईशेजारची जागा तू घे. माझ्याकडून नाही, माझी ती राहिलेली नाही. सभेकडे माग. तुझा हक्क आहे.

एकच विचारायचं होतं. गावात कुणी गेलं की तोपिल घंटा वाजवतात. मी इथे गेलो आणि बातमी तिथे पोचली, तर नाव कापलेल्या माणसासाठी वाजवतात का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतो. मागत नाही.

रुफिनो

*

युकुनी, ३० सप्टेंबर १९९९

रुफिनो,

बेदाणा वाळला का? इथे रोज तुझ्या आभाळासाठी एक मेणबत्ती लावते. इथल्या आभाळाकडे मात्र पाऊस मागते. देवाचा गोंधळ व्हायचा.

झाडाखालची घेतलीत ते बरं केलंत. येसेनिया शहाणी आहे. तिला म्हणावं, एकदा माझ्याकडे ये, भाषा मी शिकवते. आधी शिव्या, मग बाकीचं.

घंटेचं डॉन सेनोबिओंना विचारलं. त्यांनी बराच वेळ टोपी फिरवली. म्हणाले, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही, कारण ज्यांची नावं कापली ते कधी परत विचारायला आलेच नाहीत. याचा निर्णय एकट्या माणसाचा नाही, सभेचा आहे.

मी म्हणाले, मग सभेत आणते.

ते म्हणाले, सेवा पूर्ण झालेल्यालाच सभेत विषय आणता येतो आणि मत देता येतं. तुझं वर्ष अजून चालू आहे.

तर असं आहे. माझं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं. जानेवारीच्या सभेत पहिला हात माझा वर जाईल, आणि तुझा विषय पहिला असेल. तिबुर्सिओची बायको म्हणते, त्याचाही हात वर जाईल, ती धरून वर करेल.

तेवढं जानेवारीपर्यंत मरू नकोस.

तुझी ताई,
फेलिसितास सान्तियागो